ऊसतोडीचा हंगाम फाइलसाठी थांबत नाही : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

संशोधन अधिछात्रवृत्तीचा (फेलोशिपचा) हप्ता यंदाही दिवाळीआधी आला नाही. उपोषणाच्या मंडपात दर वेळी कुणीतरी येऊन वेळेवर पैसे देण्याचा शब्द देतं, आणि मंडप उठला की शब्दही उठतो. या योजना सामाजिक न्याय, नियोजन, इतर मागास बहुजन कल्याण अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरल्या आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण विद्यार्थी विद्यापीठाचा आहे, आणि विद्यापीठं आपल्याकडे आहेत.

हप्ता लांबला की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचं नेमकं काय बिघडतं ते पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांवर काम करायचं तर टोळ्या गाव सोडायच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घरांची यादी हातात हवी. हाताशी असलेली जनगणना २०११ची, म्हणजे जुनी. मतदारयादीवरून नमुना काढला तर नव्याने नांदायला आलेल्या सुना सुटतात आणि गाव सोडून गेलेले राहतात. म्हणून घरोघर जाऊन यादी स्वतःच करावी लागते. तीनशे उंबऱ्यांच्या गावाला दोन माणसांचे चार-पाच दिवस, शिवाय राहणं, खाणं, प्रवास. पैसे जानेवारीत आले तर घराला कुलूप किंवा ओसरीवर म्हातारी माणसं. टोळ्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे वर्ष गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत सहा वर्षं, आणि हप्ता थकला म्हणून ती थांबत नाही.

मुलाखती मिळाल्या तरी काम संपत नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण नीट उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणं असेल तर जास्तच. चाळीस मुलाखती म्हणजे दोनशेहून अधिक तास. प्रबंध इंग्रजीत असेल तर वर भाषांतर. लेखनिकाला मानधन द्यायला अनेक योजनांत स्वतंत्र तरतूदच नाही. आकस्मिक खर्च आधी खिशातून करायचा आणि बिलं लावून मागायचा. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जीएसटीचं बिल नसतं. एसटीच्या मशीनचं तिकीट काही महिन्यांत पांढरं पडतं. त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून ठेवली नाही, तर बिल मागवेपर्यंत हातात कोरा कागद उरतो. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते हे सरकारला कळतं. आमची प्रयोगशाळा गाव आहे, आणि तिथे जायचं भाडं तुम्ही नाकारता.

आता मराठीबद्दल. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, सत्कार झाले. समाजशास्त्राचं एम.ए. मराठीतून करता येतं, सेट या राज्याच्या प्राध्यापक-पात्रता परीक्षेचा पेपर मराठीत मिळतो. पण नेट ही देशपातळीवरची तशीच परीक्षा फक्त इंग्रजी आणि हिंदीत. २०२४पासून पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण धरायचे ठरले आहे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी केंद्राची अधिछात्रवृत्ती) नसलेल्यांसाठी ७० टक्के भार नेटचा, ३० टक्के मुलाखतीचा. मराठीतून वेबर-दुर्खीम हे समाजशास्त्रज्ञ शिकलेल्या मुलीला दारातच परक्या भाषेत तोलायचं, हे धोरण कुणी मान्य केलं? राज्याने यावर केंद्राशी कधी भांडण केलं?

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध आहेत, पण कित्येक नुसती स्कॅन केलेली चित्रं. काही जुन्या फाँटमध्ये टंकलेले, युनिकोड ही सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या. त्यांत 'स्थलांतर' शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ भरलेला असतो. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर वाचता येत नाही. मग चोरी सुटते आणि प्रामाणिक संशोधकाचं काम कुणाच्या नजरेस पडत नाही. विद्यापीठाने फक्त युनिकोड फाइल स्वीकारायची, एवढ्या एका परिपत्रकाने हे थांबेल. त्याला एक रुपयाही लागत नाही!

आणि मार्गदर्शक? प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी, आणि तेही पूर्णवेळ नियमित शिक्षकालाच. जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसं नेमलीत की मार्गदर्शकाच्या जागा आपोआप बुडतात. १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात या देशातला समाजशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग उघडला. त्या राज्यात आज पात्र विद्यार्थी गाइड शोधत हिंडतात. आरक्षण, शेती, स्थलांतर, कशावरही आयोग नेमला की तुम्हाला सर्वेक्षण करणारी माणसं हवी असतात, ती तयार करणारे विभाग मात्र नकोत. हा दोष एका खात्याचा नाही; समाजाचा अभ्यास म्हणजे चैन, असं मानणाऱ्या अख्ख्या व्यवस्थेचा आहे.

मागण्या थोड्या आहेत. अधिछात्रवृत्ती पगारासारखी दरमहा द्या. क्षेत्रकार्याची निम्मी रक्कम आगाऊ द्या आणि पाचशे रुपयांपर्यंतच्या खर्चाला स्वयंघोषणापत्र चालवा. हप्ता जितके महिने थकला तितकी मुदतवाढ अर्ज न मागता द्या. नियम आड येत असेल तर यूजीसीकडून तो बदलून आणा. युनिकोडचं परिपत्रक काढा. रिक्त पदांच्या भरतीची तारीख विषयवार जाहीर करा. यातलं काय करणार आणि कधी, ते जूनच्या आत लेखी कळवा. पुढच्या टोळ्या निघायच्या आधी घरांची यादी करायची आहे.

आपले,
समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांतले शिक्षक व संशोधक