इंजिन चढवण्याआधी आम्हाला थांबवणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

जिप्सीत चढवायचं १.३ लिटरचं इंजिन वाडीला तुमच्या शेडमध्ये स्टँडवर असतानाच तुम्ही सगळी पॅकिंगं आणि ऑइल सीलं बदलायला लावलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाकडून तेल गळू न देणारी रिंग, किमतीला किरकोळ, पण इंजिन गाडीत गेल्यावर तेच बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील सगळं उतरवणं आलं.

जुनं सील निघालं की क्रँकवर नख फिरवायचं, हे तुमच्याकडून शिकलो. नख अडकलं तर तिथे चर पडलेली असते. नव्या सीलचा ओठ त्याच चरीत बसला तर तेल झिरपणारच, म्हणून सील मिलिमीटरभर आतबाहेर बसवायचं, नाहीतर क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवायची. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. रबरी ओठाला इंजिन ऑइल लावायचं, टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच जातं. ठोकताना सीलच्या मापाची सपाट रिंग हवी. एका कडेवर हातोडी पडली की ते तिरकं बसतं. आणि सीलच्या हाऊसिंगचं कागदी पॅकिंग खालून बाहेर डोकावत असेल, तर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) लावण्याआधी ब्लेडने सपाट कापायचं. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातली गळती पुष्कळदा तिथूनच सुरू होते आणि दोष सीलवर जातो.

चेंबरला सिलिकॉन (सांधा बंद करणारा लेप) लावताना तुम्ही दोनदा हात धरलात, तेही बरंच झालं. धार ३ मिलिमीटरची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं की ते आत दबतं, तुकडे सुटतात, तेल ओढणारी जाळी, म्हणजे स्ट्रेनर, तुंबतो आणि तेलाचं प्रेशर पडतं. सिलिकॉन पिकतं हवेतल्या ओलाव्यावर. आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात ते लवकर पिकेल हा हिशेब चुकीचा. २४ तास थांबूनच तेल भरायचं. जुनं पॅकिंग काढायला ॲल्युमिनियमवर घासायची चकती तर अजिबात नको. तिची पूड बेअरिंगपर्यंत पोचते.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं म्हणून हेड (सिलिंडरांवरचं झाकण) तुम्ही उघडू दिलं नाहीत. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. हेड उघडलंच असतं तर ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करावी लागली असती, कारण तळाशी साचलेलं तेल बोल्ट आवळताना दबत नाही, ब्लॉक तडकू शकतो. टायमिंग बेल्ट उतरलेलाच होता, तेव्हा कॅमचं सील, पुढचं क्रँक सील आणि वॉटर पंप एकाच खेपेत झाले.

पण सगळ्यात जास्त आभार ब्रीदरसाठी, म्हणजे इंजिनात कोंडणारे वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेसाठी. त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि नवं सीलही तेल सोडायला लागतं. मग माणूस तेच सील पुन्हा बदलत बसतो. व्हॉल्व्ह हलवून आतला खुळखुळाट ऐकायचा. आवाज नसेल तर नवा टाकायचा. पाइप फुंकून बघायला पैसा लागत नाही.

टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) बोल्ट टॉर्क पान्याने मोजूनच आवळले आहेत. काढलेली सीलं व्हर्नियरने मापून, माप लिहून ठेवली आहेत. इंजिन उचलायची चेन कुप्पी तुम्ही मोकळी ठेवलीत, त्याचेही आभार. सिलिकॉनचे २४ तास पुरे झाले की इंजिन चढवायला येतो.

आपले,
जिप्सीवाले, नागपूर