कवड्या पाठव

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, शिव्या घाल. महिनाभर दोन फूट बाय दोन फुटांच्या पटात अडकलोय. एका संग्रहालयात सातवाहनांवर प्रदर्शन आहे, त्यासाठी मुलांचा खेळ करतोय. पैठणला माल भरायचा, जुन्नरवरून नाणेघाट उतरायचा, कल्याण नाहीतर सोपारा गाठून जहाजावर चढवायचा.

पहिला आराखडा पार शाळकरी झाला होता. घर आलं की प्रश्नाचं कार्ड. ताईच्या पोरांना खेळायला दिला, तर धाकटा दहा मिनिटांत म्हणाला, "मामा, ही परीक्षा आहे ना?" सगळी कार्डं रद्दीत! आता जे सांगायचं ते चालीतच घातलंय. घाटमाथ्याला गाडी सोडून माल बैलांच्या पाठीवर लादायचा. गाडीत सहा नग, बैलावर दोनच. मग काय मागे टाकायचं यावर पोरं अशी भांडतात!

सगळ्यात झकास नियम तर आयता मिळाला. 'पेरिप्लस' म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं व्यापाराचं टिपण आहे. कल्याणला एखादं ग्रीक जहाज आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात, असं त्यात लिहिलंय. झालं! कल्याणला तीन कवड्या उताण्या पडल्या की जहाज थेट भडोचला.

चित्रांत मात्र माझी शोभा झाली. जुन्नरचा बाजार हौसेनं रंगवला, मधोमध लालभडक मिरच्यांची रास. अभिरक्षक बाईंनी चष्मा पुसला, पेन्सिलीनं राशीभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "हिला यायला अजून चौदा-पंधराशे वर्षं आहेत." पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची मी सातवाहनांच्या बाजारात ओतली होती! दोन दिवसांचं काम पाण्यात. तिथे आता काळी मिरी आहे. पण चित्राचा तोल त्या लाल रंगावर होता रे, शेवटी तो एका बाईच्या वस्त्राला दिला.

सातवाहनांच्या राणीनं, नागनिकेनं तर रडवलं. नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर तिचा पुतळा होता. आज वर नावं उरलीत, खाली पावलांच्या खुणा. चेहरा आणू कुठून? अकरा काढले, अकराही मालिकेतल्या नट्या. आता ती पाठमोरी उभी आहे, घाटाखाली बघत. बाई काही बोलल्या नाहीत, मी तो होकार धरला.

आता तुझं काम. चाचणीच्या पहिल्याच दिवशी सहातल्या दोन कवड्या कुणाच्या तरी खिशातून घरी गेल्या. वरून सूचना आली, दोरीला बांधलेला प्लास्टिकचा फासा ठेवा. दोरीला! मी आठवडाभराची मुदत मागून घेतलीय. मालवणच्या बाजारात मिळतील तेवढ्या कवड्या घे, शंभरेक तरी. फार मोठ्या नकोत, पोरांच्या मुठीत सहा मावल्या पाहिजेत. एसटीच्या पार्सलनं पाठव, पैसे लगेच टाकतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सद्या