भुईआवळी ओळखायची तर डहाळी उलटून पाहावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पावसाळी औषधी वनस्पतींवरच्या लेखात भुईआवळीचे वर्णन नेमके होते. परंतु त्यासोबत छापलेले छायाचित्र भुईआवळीचे नसून तिच्या निकटच्या नात्यातील दुसऱ्या जातीचे, म्हणजे लाल किंवा खरसड भुईआवळीचे होते. कावीळ झाली की पुष्कळ घरांत आजही ही वनस्पती शोधली जाते आणि शोधणारा माणूस छापील चित्र प्रमाण मानतो. त्यामुळे या दोन जाती कशा ओळखायच्या हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वनस्पतिशास्त्रात पहिलीला फायलँथस अमारस आणि दुसरीला फायलँथस युरिनेरिया म्हणतात. आपला आवळ्याचा वृक्षही याच फायलँथस प्रजातीतला (प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट). दोन्ही रोपे वीतभर ते दोन वीत उंचीची, पाऊस पडला की शेताच्या बांधावर, अंगणात, कुंड्यांतसुद्धा उगवणारी, आणि बऱ्याचदा एकाच जागी शेजारी शेजारी वाढलेली दिसतात. दोहोंच्या आडव्या डहाळ्यांवर लहान पानांच्या दोन रांगा असतात, म्हणून ती डहाळी चिंचेच्या पानासारखे एकच संयुक्त पान असल्याचा भास होतो. तसे ते नाही हे सिद्ध करणारा पुरावा डहाळीच्या खालच्या अंगाला असतो: संयुक्त पानाच्या पर्णिकांच्या बगलेत फुले येत नाहीत, इथे मात्र प्रत्येक पानाच्या बगलेत फूल किंवा फळ लोंबत असते. वरून काढलेल्या छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, आणि चुकीचे मूळ बहुधा तिथेच आहे.

डहाळी अलगद उलटी केली की पहिली खूण भिंगाशिवाय दिसते. भुईआवळीचे फळ एक-दोन मिलिमीटर लांबीच्या स्पष्ट देठावर लटकते आणि त्याची साल गुळगुळीत असते. लाल भुईआवळीचे फळ डहाळीला जवळजवळ चिकटलेले असते, त्याच्या सालीवर बारीक खवल्यांसारखे उंचवटे असतात आणि पुष्कळदा त्यावर तांबूस छटा येते. फळ धरलेले असेल तर एवढ्यावर निर्णय करता येतो.

फुले पाहायची तर भिंग हवे, पण ती पाहण्यासारखी आहेत. भुईआवळीच्या फुलाला साधारणपणे पाच परिदले (पाकळ्यांसारखी दले) असतात आणि डहाळीवरच्या बहुतेक बगलांत एक नर-फूल व एक मादी-फूल अशी जोडी असते. लाल भुईआवळीच्या फुलाला सहा परिदले असतात. तिची मादी-फुले डहाळीच्या बुंध्याकडील भागात आणि नर-फुले टोकाकडे, अशी वाटणी झालेली असते. बियांतही भेद आहे: पहिलीच्या बियांवर उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा, तर दुसरीच्या बियांवर आडव्या. खोडाच्या रंगावर मात्र कोणी विसंबू नये. लाल भुईआवळीचे खोड बहुधा तांबूस असते हे खरे असले, तरी उन्हात आणि कोरड्या जमिनीत रंग बदलतो, आणि निव्वळ रंगावरून केलेली ओळख मला कधीच पुरेशी वाटलेली नाही.

याहून अवघड प्रकरण फायलँथस फ्रॅटर्नस या तिसऱ्या जातीचे आहे. तिचे फळही गुळगुळीत व देठाचे, बियांवरच्या रेषाही उभ्याच. तिथे परिदले मोजल्यावाचून गत्यंतर नाही, कारण तिची परिदले सहा असतात. या सगळ्या जातींना आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत सरसकट फायलँथस नीरुरी म्हटले गेले. प्रत्यक्षात ते नाव मूळच्या अमेरिका खंडातील एका निराळ्या वनस्पतीचे आहे. हा गुंता 1950 च्या दशकात ग्रॅडी वेबस्टर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने सोडवायला घेतला.

या भेदाचे महत्त्व केवळ अभ्यासकांपुरते नाही. हेपटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी 1976 चे नोबेल पारितोषिक मिळालेले बारूक ब्लूमबर्ग आणि मद्रासचे संशोधक यांनी 1988 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो फायलँथस अमारसचा होता: औषध घेतलेल्या 37 वाहकांपैकी (शरीरात विषाणू बाळगणाऱ्यांपैकी) 22 जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन, म्हणजे विषाणूच्या अस्तित्वाची खूण असलेले त्याच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, नाहीसे झाले, तर हे औषध न दिलेल्या दुसऱ्या गटातील 23 पैकी एकाच्याच. पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमधील चाचण्यांत असा परिणाम आढळला नाही. अशा विसंगतीचा उलगडा करताना वापरलेली वनस्पती कोणती, कुठली आणि कशी तयार केलेली, हा पहिला प्रश्न असतो. मग ‘भुईआवळीने कावीळ बरी होते’ असे छापून शेजारी भलत्याच जातीचे चित्र देणे कसे चालेल? शिवाय कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, पित्ताचा खडा असेल, मद्य किंवा एखादे औषधही असेल, आणि त्याचा निर्णय डॉक्टरांकडूनच व्हायला हवा, हे वाक्य अशा प्रत्येक लेखात असावे.

आपण पुढील अंकात दुरुस्ती छापावी आणि तिच्यासोबत दोन्ही जातींच्या डहाळ्यांची खालच्या बाजूने, फळांचे देठ दिसतील अशी छायाचित्रे शेजारी शेजारी द्यावीत, अशी विनंती आहे. चित्राखाली शास्त्रीय नाव देवनागरीत अवश्य द्यावे. गावोगावी बदलणाऱ्या नावांमुळे होणारा घोटाळा त्याने बराच टळेल.

आपला नियमित वाचक,
वनस्पतिशास्त्राचा निवृत्त अध्यापक, चिपळूण