पंधरा टक्के कशाचे? व्हॉइस कॉल तुटण्याबाबत तक्रार

सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
इंटरनेट लीज्ड लाइन विभाग

विषय : राउटरवर ट्रॅफिकचे (फोन, बिलिंग, कॅमेरे यांच्या डेटाचे) वर्ग चुकीचे लावल्याने झालेले नुकसान, दुरुस्ती व परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

माझा केळीचा व्यापार आहे. आमच्या गोदामात तुमची 20 एमबीपीएसची लाइन असून राउटरही तुम्हीच पुरवलेला आहे. फोन, बिलिंग आणि कॅमेरे यांना वेगवेगळी बँडविड्थ (लाइनच्या वेगातला वाटा) राखून देण्यासाठी दरमहा वेगळे पैसे घेता. तरीही सकाळी सात ते दहा, म्हणजे नेमका माल भरायच्या वेळेला, या लाइनवरून चालणाऱ्या फोनवर आमचा आवाज तुटतो.

मागच्या आठवड्यात दिल्लीच्या व्यापाऱ्याला मी फोनवर क्विंटलला 1650 रुपये भाव सांगितला. त्याला "सोळाशे" एवढंच ऐकू गेलं, "पन्नास" वाटेतच गळालं. गाडी निघून गेली, पैसे 1600 ने आले. 120 क्विंटल माल होता, सहा हजार रुपये गेले. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याने ऐकलं तेच लिहिलं.

तीन वेळा तक्रार नोंदवली. दोनदा तुमच्याकडून रात्री अकराला स्पीड टेस्ट करून "लाइन ओके" कळवण्यात आलं. रात्री अकराला आमच्या गोदामात मांजरसुद्धा नसतं. तिसऱ्यांदा 50 एमबीपीएसचा प्लॅन घ्या असा सल्ला मिळाला.

शेवटी नेटवर्किंगचं काम करणाऱ्या पुतण्याला जळगावहून बोलावलं. त्याने सकाळी आठला राउटर उघडून पाहिला. हमालांची ये-जा सुरू झाली की आमचे बाराही कॅमेरे एकदम क्लाउडवर चित्रं पाठवू लागतात. प्रत्येकी 2 एमबीपीएस धरले तरी 24 होतात. लाइन 20 ची. त्या वेळी लाइन तपासायला पाठवलेल्या शंभर पिंगपैकी (चाचणी संदेशांपैकी) अकरा गायब होते, आणि राउटरवर मात्र एकाही वर्गात एकही पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) गळाल्याची नोंद नव्हती. सगळीकडे शून्य.

कारण साधं निघालं. तुमच्या इंजिनिअरने फोनला 15 टक्के, बिलिंगला 25 आणि कॅमेऱ्यांना 30 टक्के लावले, पण ते पोर्टच्या, म्हणजे राउटरला लाइन जोडतात त्या खाचेच्या, वेगावर. पोर्ट 1 गिगाबिटचा, म्हणजे 1000 एमबीपीएसचा आहे. म्हणजे फोनसाठी 150 एमबीपीएस राखीव, अख्ख्या लाइनच्या साडेसात पट! भागीदारीत कोणी पंधरा टक्के म्हणाला तर आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "कशाचे?" तो तुमच्याकडे कोणाला पडला नाही.

वर्गवारी कामाला येते ती रांग लागल्यावर. 1 गिगाबिटच्या पोर्टवर 24 एमबीपीएसची रांग लागतच नाही, सगळा माल धडाधड बाहेर पडतो. खरी चिंचोळी जागा पुढे, तुमच्या टोकाला आहे. तिथे 20 च्या वर गेलेलं पॅकेट फोनचं की कॅमेऱ्याचं हे न बघता फेकून दिलं जातं. आमच्या फोनच्या पॅकेटवर डीएससीपी 46 ची, म्हणजे "याला आधी जाऊ द्या" अशी, खूण बरोबर आहे, पण ती तिथे कोण वाचतो?

आणि मागणी तरी केवढी? एका कॉलला एका दिशेने 90 केबीपीएससुद्धा लागत नाहीत. दहा कॉल एकदम चालले तरी 1 एमबीपीएसच्या आत. कॅमेऱ्याचं चित्र दोन मिनिटं उशिरा पोचलं तरी कोणाचं काही अडत नाही. त्यामुळे 50 चा प्लॅन मी घेणार नाही.

बाहेर जाणाऱ्या दिशेला 19 एमबीपीएसचं शेपिंग (त्याहून वेगाने न पाठवण्याची मर्यादा) लावून वर्ग त्याच्या आत बसवावेत, म्हणजे रांग आमच्या राउटरवरच लागेल. फोनला सर्वांत आधी जाऊ द्यावं, पण 2 एमबीपीएसची मर्यादा घालून. कॅमेरे शेवटी, उरलेल्यातून. आत येणाऱ्या दिशेची वर्गवारी तुमच्या टोकालाच करावी लागेल, कारण पॅकेट आमच्या राउटरला पोचतं तेव्हा ते लाइन ओलांडून आलेलं असतं.

हे काम सकाळी आठला, गाड्या भरत असताना तपासून द्यावं. सेटिंगची प्रत मला द्यावी. या सेवेचे चार महिन्यांचे जादा पैसे पुढच्या बिलात वळते करावेत. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तुमच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाईन. पुतण्याने काढलेले राउटरच्या नोंदींचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,

आपला ग्राहक,
केळी व्यापारी, सावदा