डंकनच का, ते सांगते

सोलापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की हॉस्टेलवर सगळ्यांत मोठा बास्केटबॉलपटू कोण यावरून वाद पेटला. जॉर्डन झाला, कोबे झाला, लेब्रॉन झाला. तू टिम डंकनचं नाव काढलंस तर पोरं म्हणाली, "तो? बोअर होता रे तो." तुला उत्तर सुचलं नाही. ते मी देते. आमच्या घरात त्याचं वेड तुझ्या आधीपासूनचं आहे.

आधी त्याचा तो एक शॉट. रिंगच्या डाव्या अंगाला तो बॉल घ्यायचा, वळून बास्केटकडे तोंड करायचा आणि जरा थांबायचा. पुढे काय होणार ते समोरच्यालाही ठाऊक असायचं. बॉल कपाळाच्या वर, तिथून रिंगमागच्या बोर्डावरच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर, तिथून जाळीत. एकोणीस सीझन त्याने हा शॉट मारला आणि ठाऊक असूनही लोकांना तो अडवता आला नाही. उडी मारून बॉल वरून जाळीत कोंबला, म्हणजे डंक मारला, की सगळं स्टेडियम उठतं, बोर्डावरच्या शॉटला कोण उठणार? पण मी शाळेच्या टीमची सेंटर होते. वर्गात सगळ्यांत उंच पोरगी म्हणून सरांनी रिंगखाली उभं केलं. बॉल बोर्डावर दोन बोटं इकडेतिकडे लागला तर रिंगच्या कडेवर आपटून परत येतो, हे माझ्या हातांना अजून आठवतं. त्या शॉटमागे किती संध्याकाळी गेल्या असतील ते मला दिसतं.

तो मुळात पोहणारा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा, ४०० मीटर फ्रीस्टाइलवाला. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ आलं आणि सरावाचा तलाव उद्ध्वस्त झाला. शार्कच्या भीतीने समुद्रात सराव करायला त्याचं मन धजेना. पुढच्याच वर्षी, चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. पदवी पूर्ण करीन असा शब्द त्याने आईला दिला होता. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची व्यावसायिक लीग, पायघड्या घालून बसली होती, तरी तो वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षं शिकला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग १९९७ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने सॅन अँटोनियो स्पर्स संघात गेला. ओंकार, हे मी आई म्हणून वाचते तेव्हा पुढची ओळ दिसत नाही मला.

मग तिथेच राहिला. शेवटपर्यंत २१ नंबर, एकच संघ, एकच कोच पोपोविच. पाच अजिंक्यपदं : १९९९, २००३, २००५, २००७, २०१४. दोनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. स्पर्स त्या एकोणीसपैकी एकाही वर्षी प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांना, मुकले नाहीत. आपलं मानधन निम्म्याहून कमी करून घेतलं, का, तर संघाला बाकीचे चांगले खेळाडू ठेवता यावेत. तुझ्या मित्रांना एवढं सांगितलंस तरी पुरे.

पण मला विचारशील तर त्याचं मोठेपण २०१३ मध्ये कळतं. फायनलचा सातवा, निर्णायक सामना, आपल्याकडे सकाळ. मी एका डोळ्याने टीव्ही बघत तुझा डबा भरत होते. मियामी दोन गुणांनी पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही, आणि डंकन रिंगच्या अगदी जवळ. शॉट आत गेला नाही. उडालेला बॉल हातानेच परत रिंगकडे ढकलला, तोही गेला नाही. बचावाला मागे पळत आला आणि दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. इतक्या वर्षांत त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. पोळी तव्यावर करपली तरी मी तिथंच उभी. सदतिसाव्या वर्षी असं हरल्यावर माणूस बूट खुंटीला टांगतो. तो पुढच्या वर्षी परत फायनलला आला आणि त्याच मियामीला ४-१ ने हरवलं.

निवृत्तीसुद्धा तशीच. त्याच सीझनला कोबेचे गावोगावी निरोप समारंभ झाले, तेही त्याला शोभले. डंकनचं मात्र जुलै २०१६ मध्ये क्लबचं एक पत्रक आलं आणि संपलं. मला त्या दिवशी घरातलंच कुणी दूर गेल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, अगं, तो तुला ओळखत तरी होता का? नव्हता. म्हणून काय झालं!

तुझी परीक्षा संपली की हुतात्मा एक्सप्रेसने ये. २००३ च्या फायनलचा सहावा सामना आपण अख्खा बघू, हायलाइट्स नाहीत. एकट्या डंकनचे २१ गुण, २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), १० असिस्ट (ज्या पासवर गुण होतो तो), ८ ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं). न्यू जर्सी शेवटच्या क्वार्टरमध्ये पुढे असताना स्पर्स सलग १९ गुण कसे काढतात, आणि त्यात डंकन किती वेळा स्वतः शॉट न घेता मोकळ्या माणसाला पास देतो, तेवढं बघ. स्पर्समधला त्याचा जुना जोडीदार डेव्हिड रॉबिन्सन, त्याचा तो शेवटचा सामना होता, त्याच्याकडेही लक्ष ठेव. त्या पोरांपैकी कुणी येणार असेल तर घेऊन ये, शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून ठेवते.

तुझी,
आई