सगळे गायकवाड एकाच वाड्यातले नव्हेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आडनावांवरील सदरात या वेळी ‘गायकवाड’ हे आडनाव घेतलेले पाहून आनंद झाला. मात्र महाराज सयाजीराव, काही क्रिकेटपटू आणि शिवाजीराव गायकवाड ऊर्फ रजनीकांत यांची नावे त्यात अशी ओळीने मांडली आहेत की, ही सारी मंडळी एकाच घराण्याची असावीत असा वाचकांचा समज व्हावा. मी स्वतः वडोदऱ्याचा गायकवाड आहे. नवी ओळख झाली की “राजमहालातले का?” हा प्रश्न ठरलेला असतो, आणि “नाही” म्हटल्यावर समोरच्याचा उतरणारा चेहराही.

आडनाव एक म्हणून कूळ एक, असे मानणे किती फसवे आहे, हे याच आडनावात उत्तम दिसते. सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव. १८७५ मध्ये ते दत्तक येऊन गादीवर बसले. त्याच जिल्ह्यातील आंबे गावी जन्मलेले भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड हे १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक प्रमुख नेते. पहिल्यांनी डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तर दुसरे त्यांचे निकटचे सहकारी झाले. बाबासाहेबांच्या चरित्रात हे दोन्ही गायकवाड भेटतात. एक राजा आणि दुसरे, देवळाचे दार ज्यांच्यासाठी बंद होते त्या समाजातले. आपल्या सदरात दादासाहेबांचा उल्लेखही नसावा, हे मला सर्वांत अधिक खटकले.

क्रिकेटमध्येही तोच घोळ होतो. दत्ताजीराव आणि अंशुमन हे आमच्या वडोदऱ्याचे पितापुत्र. वडिलांनी १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व केले, मुलाने १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा काढल्या, आणि २०२४ या एकाच वर्षात दोघेही गेले. परंतु १९५२ मध्ये दत्ताजीरावांप्रमाणेच कसोटी खेळलेले हिरालाल गायकवाड हे नागपूरचे. त्यांना बडोद्याच्या खात्यात टाकणे योग्य नाही.

माणसांपुरतेच हे आडनाव राहिले असेही नाही. पुण्याचा केसरीवाडा लोकमान्यांनी घेतला तेव्हा तो ‘गायकवाड वाडा’ होता. १९१६ मध्ये आमच्या वडोदऱ्यात सुरू झालेल्या प्राच्यविद्येच्या ग्रंथमालेला गायकवाडांचेच नाव असून तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा होय. संस्थानच्या रेल्वेलाही हेच आडनाव लागले. १८६२ मध्ये डभोईच्या अरुंद रुळांवर तिची गाडी धावली (धावली म्हणणेही धाडसाचे आहे!), तेव्हा तिला बैल जुंपलेले असत. गाईंसाठी कवाड उघडणाऱ्या पूर्वजावरून हे आडनाव पडल्याची कथा सांगितली जाते. त्यांच्या वंशजांच्या रेल्वेला बैलांनीच हातभार लावावा, हा योग मोठा गमतीचा.

आता लेखनाविषयी. इंग्रजांना आपला ‘ड’ न पेलल्यामुळे जुन्या कागदांत ‘गायकवार’ झाले. त्या रेल्वेच्या इंग्रजी नावातही शेवटी ‘आर’ हेच अक्षर आहे. पुढे ‘डी’ परत आला, तरी आधीच्या स्वरासाठी कोणी ‘ए-ई’ लिहितो, कोणी ‘ए-आय’. माझ्या आधार कार्डावर एक आणि पासबुकावर दुसरे असल्याने एका बँकेत मला दोन्ही व्यक्ती मीच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. मराठीत मात्र ही अडचण मुळातच नाही. तरीही आपल्या सदरात दोन ठिकाणी ‘गायकवार’ असे छापले गेले आहे. ते कृपया दुरुस्त करावे, आणि दादासाहेबांचा राहिलेला परिचय पुढील रविवारी द्यावा, ही विनंती.

आपला,
एक गायकवाड
दांडिया बाजार, वडोदरा