अक्कलदाढ आणि वापसीची केळी

रावेर तालुका,
१४ मे

प्रिय ठमाबाई,

(पन्नाशी आली तरी वसतिगृहातलं नाव तोंडातून जात नाही. रागावू नकोस.)

परवा फोनवर तुझं बोलणं इतकं बोबडं आलं की मला आधी वाटलं रेंजच गेली. मग भावोजींनी फोन घेतला आणि सांगितलं की अक्कलदाढ काढली, टाके पडलेत. अक्कल येताना आपल्याला कळलीसुद्धा नव्हती, निदान जाताना तरी तिनं गुपचूप जावं की नाही! तीन दिवस मऊ भात आणि गार दूध, तोंडाला चव नाही, आणि मध्येच तुझं ते "तुमच्याकडे स्मूदी करतात ना गं, ती कशी?" फोनवर सांगितलं असतं तर तू हं-हं केलं असतंस आणि संध्याकाळी विसरली असतीस. म्हणून लिहितेय. शिवाय तुझं तोंड बंद आणि माझं चालू, असा योग तीस वर्षांत पहिल्यांदाच आलाय, तो सोडवत नाही.

आधी एक ताकीद. नळी लावून पिऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलं असेलच, पण तू ऐकलं नसशील. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते, तिच्याखाली जखम भरते. नळीनं ओढलं की ती निघून येते आणि मग जी कळ लागते ती बाळंतपणाला मागे टाकते म्हणे. तेव्हा वाटीत घे आणि चमच्यानं खा. बियांचं काहीही घालू नकोस. सब्जा नाही, चिया नाही, डाळिंब नाही, स्ट्रॉबेरीसुद्धा नाही. एक बारीक बी त्या खड्ड्यात जाऊन बसली की झालं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे हे खूळ लेकीनं आणलं. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आली ती फोनवर कृती घेऊनच. ओट्स, बदामाचं दूध, गोठवलेल्या ब्लूबेरी. मी म्हटलं, बाई गं, इथल्या दुकानात बेरी मागितलीस तर तो बोरं बांधून देईल. आणि दारात केळ्यांचे घड पडलेले असताना आपण दुसऱ्याची फळं कशाला विकत आणायची?

तुला आठवतं का, तू इथे आली होतीस तेव्हा हे तुला केळीचे भाव समजावत होते आणि तू जांभया देत होतीस? आमच्याकडे भाव तीन तऱ्हेचे बोलतात. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल. पिलबाग म्हणजे आधीचं झाड कापल्यावर त्याच्या बुडाशी आलेल्या पिलाचा. आणि वापसी म्हणजे व्यापाऱ्यानं नाक मुरडून बाजूला काढलेला. वाकडी, बारीक, सालीवर डाग पडलेली. बाकीची सावद्याच्या स्टेशनातून पार दिल्लीला जातात आणि वापसी आमच्या ओसरीवर येते. चवीत तसूभर फरक नसतो, नुसतं रूप नाही एवढंच. पण ती पिकतात सगळी एकदम. चार दिवस हिरवीगार, पाचव्या दिवशी पिवळी, सातव्या दिवशी घरभर वास आणि चिलटं. किती वाटणार? शेजारीपाजारी सगळ्यांच्याच घरी केळी. इथे कुणाला केळी देणं म्हणजे कोकणात जाऊन नारळ देणं.

तर स्मूदी म्हणजे आमच्या लेखी ही सातव्या दिवसाची सोय. आणि खरं सांगू का, चांगली होते ती सातव्या दिवसाच्या केळ्याचीच. सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं, बाजारात तू ज्याकडे बघणारही नाहीस असं. कच्च्या केळ्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. ते पिकत जातं तसं जवळजवळ सगळं साखर होऊन जातं. म्हणून ठिपकेवालं केळं घेतलं की साखरेचा कणही लागत नाही. लोक चकचकीत पिवळी केळी घेतात, मग तीन चमचे साखर घालतात, आणि वर म्हणतात स्मूदी तब्येतीला चांगली.

तीच केळी सोलायची, बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करायच्या आणि स्टीलच्या ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा मांडून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. तीन-चार तासांत खडखडीत होतात. मग डब्यात भर. मांडायचा कंटाळा करून एकदम डब्यात कोंबशील तर विटेसारखा गोळा होईल, मग तो फोडायला वरवंटा घे. पहिल्यांदा मी सालीसकट ठेवली होती. साल काळीठिक्कर पडून अशी चिकटली की सुरीनं तासावी लागली, आणि सासूबाई बाजूला उभ्या राहून "बरं झालं" एवढंच म्हणाल्या. काय बरं झालं ते अजून कळलेलं नाही.

बर्फ मात्र घालू नकोस. सगळी चूक तिथेच होते. बर्फ म्हणजे शेवटी पाणी, पाच मिनिटांत वितळतं आणि ग्लासात वर फेस नि खाली पांचट पाणी उरतं. गारवा फळातूनच आला पाहिजे. गोठलेलं केळं फिरवलं की ते पाणचट न होता लोण्यासारखं होतं, कारण त्याचा गर चिकट आणि त्यात पाणी त्या मानानं कमी. टरबुजाचं असं होत नाही, ते नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. (हो, टरबूजच. तू कलिंगड म्हण, आपला हा वाद वसतिगृहातच निकालात निघाला होता आणि मी जिंकले होते.)

तुझ्यापुरतं माप असं. दोन मध्यम केळ्यांच्या गोठलेल्या चकत्या, अर्धी वाटी आदल्या रात्री विरजलेलं गोड दही, अर्धी वाटी गार दूध, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. मीठ विसरू नकोस, त्यानं गोडी वर येते. डोंबिवलीत तुला वेलची केळी मिळतील, चवीला ती झकास, पण दोनांच्या जागी पाच लागतील.

भांड्यात आधी दूध-दही आणि मग केळी. उलटं केलंस तर पात्यांखाली केळी अडकतात आणि मिक्सर नुसता ओरडतो. एकदा तर आमचा ओरडता ओरडता गप्पच झाला. बटण फिरवलं, प्लग काढून लावला, काही नाही. दीर त्याला फडक्यात गुंडाळून दुरुस्तीला निघालेसुद्धा. फटफटीवर बसताना मिक्सर उलटा झाला आणि बुडाशी बोटाच्या टोकाएवढं लाल बटण दिसलं. मोटरवर फार ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. दहा मिनिटं थंड होऊ दिलं, बटण आत दाबलं, आणि गाडी सुरू! नऊ वर्षं वापरतेय मी तो मिक्सर आणि त्याचं बूड कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा सलग फिरवू नकोस. दोन-दोन सेकंद, थांब, बंद करून चमच्यानं खालवर कर, परत दोन सेकंद. आवाज घरघरीवरून गुळगुळीत झाला की समज झालं. चमचा उभा राहिला पाहिजे, पण हळूहळू कलला पाहिजे.

पपईचा मोह तुला होणार, कारण ती मऊ. घाल, पण केल्याबरोबर खा. माझी फजिती ऐक. भिशी माझ्याकडे होती, मी शहाणपणा करून सकाळी दहालाच पपई-दुधाचं करून फ्रीजमध्ये ठेवलं. चार वाजता बायकांच्या हातात ग्लास दिले आणि पहिल्या घोटाला सगळ्यांचे चेहरे कारल्याचा रस प्यायल्यासारखे. बिचाऱ्या बोलल्या काहीच नाहीत, एकीनं तर "वेगळंच लागतं" म्हणून संपवलंसुद्धा. मला वाटलं दूध नासलं. तसं नव्हतं. पपईत एक पाचक द्रव्य असतं, पपेन, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. कच्चीत जास्त, पिकलेलीत कमी, पण सहा तास दिले की तेवढंही पुरतं. ताज्या अननसाचं आणि किवीचंही तेच. डब्यातला अननस चालतो, तो तापवलेला असतो.

पंधरा-वीस दिवसांत जांभळं येतील. तोवर तुझी दाढ भरली असेल. जांभळांचा गर काढून गोठव आणि केळी-दह्यात मूठभर घाल. रंग असा येतो की पैठणी आठवावी, आणि केळ्याच्या गोडीला जो तुरटपणा हवा असतो तो बरोबर मिळतो. यावर लेकीनं मला ऐकवलं की २०२३ साली अमेरिकेतल्या डेव्हिसच्या आणि इंग्लंडातल्या रीडिंगच्या विद्यापीठांनी तपासलंय: केळं घातलेली स्मूदी प्यायली तर फ्लॅव्हॅनॉल नावाची उपयोगी द्रव्यं शरीरात ८४ टक्क्यांनी कमी उतरतात. केळं चिरल्यावर काळं पाडणारं जे असतं, तेच त्यांना खाऊन टाकतं. असेल. म्हणून आता जांभळं मी निम्मी नुसती मीठ लावून खाते आणि निम्मी केळ्यात घालते. केळ्याच्या घरात राहून केळ्याशी भांडण कोण घेणार?

भावोजींना मात्र पेलाभर देऊ नकोस. त्यांची साखर वर-खाली होते ना. दोन केळी चावून खायला माणसाला वेळ लागतो, पिऊन टाकायला अर्धं मिनिट. चार चमचे दे, आणि वर हसून दे म्हणजे भांडण होणार नाही.

सासूबाईंचं म्हणशील तर पहिले पंधरा दिवस त्यांनी मिक्सरकडे पाठ फिरवली. दूध आणि फळ विरुद्ध आहार, अंगावर पित्त उठेल, एक ना दोन. मी म्हटलं, आणि शिकरण? चाळीस वर्षं दर रविवारी शिकरण-पोळी कुणी केली? त्या म्हणाल्या, "ते वेगळं. ते हातानं कुस्करतात."

मी तेव्हा हसले होते. पण परवा दुपारी ऊन ४४ अंशांवर आणि लाइट गेलेली. भांड्यात सगळं घालून ठेवलेलं, मिक्सर मेलेला. सासूबाई उठल्या, ते सगळं पातेल्यात ओतलं, चकत्या जरा सैल होऊ दिल्या आणि हातानं कुस्करायला बसल्या. बर्फासारखं गार ते, बोटं लाल झाली त्यांची, मध्येच पदराला पुसायच्या आणि परत सुरू. गुळगुळीत नाही झालं. मध्येमध्ये केळ्याचे गारेगार बारीक खडे राहिले, दाताखाली कुरकुरत विरघळणारे. ओसरीवर बसून आम्ही दोघींनी ते चमच्यानं खाल्लं. मिक्सरमधल्यापेक्षा चांगलं होतं, पण हे त्यांना सांगितलेलं नाही, नाहीतर माझा मिक्सर माळ्यावर जाईल.

तू मात्र मिक्सरमधलंच कर, टाके निघेपर्यंत खडे नकोत.

आता थांबते. लाइट आलीय, आणि चकत्यांची दुसरी ताटली आत ठेवायचीय. ओसरीवर अजून तीन घड आहेत, त्यातला एक आजच ठिपक्यांवर आलाय.

तुझीच,
केळेवाली

ता. क. सासूबाई विचारताहेत, काढलेली दाढ घरी आणलीस की तिथेच टाकलीस? का विचारताहेत ते मी विचारलेलं नाही.